घेरावरची नऊ पानं

"नाटकवाल्या बाईंचा फोन होता. चारला नाही, दोनला येतायत!" मास्तर दारातूनच ओरडले. रंगकाकू दचकून वळल्या आणि त्यांचं कोपर लागून रिळांचा डबा टेबलावरून खाली गेला.

बावीस रिळं. काही टेबलाखाली गेली, काही शिलाई मशीनच्या पायांशी अडकली, एक तर थेट मास्तरांच्या चपलेला जाऊन टेकलं. दुसरी कुणी असती तर "अगंबाई" म्हणून हसली असती आणि गोळा करायला वाकली असती. रंगकाकू जागच्या हलल्या नाहीत.

"बस तू, मी उचलते," कोपऱ्यातून बटणवाली उठली. गुडघ्यावर हात ठेवत, कण्हत-कुथत तिनं एकेक रीळ वेचलं, फुंकर मारून धूळ उडवली आणि हाताला येईल ते येईल त्या खाचेत टाकत डबा भरून टाकला.

"अगं, ओळीनं लाव ना."

"तुझी ओळ मला काय ठाऊक? तूच लाव," असं म्हणून डबा काकूंच्या पुढ्यात ठेवून ती परत आपल्या बटणांकडे गेली.

काकूंनी घड्याळाकडे पाहिलं. अकरा वाजायला दहा मिनिटं होती. मांडीवर लोकरीचा, हातानं विणलेला पायघोळ झगा पसरलेला होता आणि त्याच्या घेरावर नऊ पानं भरायची राहिली होती. नाटकाच्या नायिकेचा झगा. संध्याकाळी सहाला रंगीत तालीम, उद्या पहिला प्रयोग. आणि समोरच्या डब्यातलं कुठलं रीळ कुठल्या रंगाचं, हे त्या खोलीत जिला सगळ्यांत जास्त कळायला हवं तिलाच कळत नव्हतं.

चपलांच्या दुकानावरच्या दुसऱ्या मजल्यावरची ही लांबट खोली. सहा बायका, तीन मशीन, एक लाकडी पुतळा आणि कधीच पूर्ण बंद न होणारी एक खिडकी. मास्तर कपडे बेततात, बायका भरतकाम करतात, मणी लावतात. काकूंना इथं एकतीस वर्षं झाली होती आणि 'रंगकाकू' हे नाव त्यांना कुणी लाडानं दिलेलं नव्हतं, ते त्यांनी कमावलं होतं. दोन धागे घेऊन कुणीही यावं, काकूंनी मान वर न करता म्हणावं, "डावा. उजवा रात्रीच्या दिव्यात मरेल." आणि तो खरंच मेलेला असे. मास्तर गिऱ्हाइकांपुढे त्यांना असं मिरवत की जणू काकूंना त्यांनीच घडवलंय.

गेल्या वर्षी काय झालं, ते फक्त काकूंना आणि त्यांच्या नवऱ्याला माहीत होतं. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले होते, "मोतीबिंदू असता तर काढला असता. डोळ्यामागची नस सुकतेय. आधी रंग जातील. लाल-हिरवा पहिल्यांदा." किती सहज सांगितलं त्या माणसानं, दुकानदारानं माल संपलाय म्हणावं तसं! नवरा पोस्टात पत्रं वेगळी करायच्या कामावर आयुष्य काढून निवृत्त झालेला. वेगळं करायची सवय अंगात मुरलेली, म्हणून हल्ली टोमॅटो पिकलाय की कच्चा आहे हे तोच सांगे. रोज सकाळी काकूंच्या साडीवर ब्लाउज तोच जुळवून ठेवी आणि रोज न चुकता म्हणे, "सांगून टाक गं एकदा तिथं."

"सांगून काय करू? बटणं लावत बसू?" काकू म्हणत, आणि विषय तिथंच संपे.

कामाच्या खोलीत त्यांनी युक्ती केली होती. सूत पुठ्ठ्याच्या मोठ्या, निमुळत्या कोनांवर यायचं, कोनावर रंगाचा आकडा छापलेला असायचा. त्यावरून जिनं तिनं आपल्या रिळांवर गुंडाळून घ्यायचं, ही इथली पद्धत. रिळांवर काही लिहिलेलं नसे. काकू आकडा वाचून गुंडाळत आणि रीळ ठरलेल्या खाचेत ठेवत. पहिल्या खाचेत पोपटी, चौथीत शेवाळी, नववीत हळदी, सोळावीत विटकरी. बोटं खाचा मोजायची आणि डोळे नुसतेच बघितल्यासारखे करायचे. वर्षभर कुणाला शंका आली नाही. म्हणजे काकूंची तशी समजूत होती.

आणि त्यात हा झगा आला. नाटकवाल्या बाई म्हणाल्या, "मला नायिकेच्या अंगावर अख्खी पानगळ हवीय." मास्तरांनी काकूंकडे बोट दाखवलं. खाली रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झाडांची रांग होती आणि नेमकी पानगळ चालू होती. काकू महिनाभर रोज येताना पिशवीत पानं गोळा करून आणत, ती टेबलाच्या काचेखाली दाबून ठेवत, बोटानं शिरा चाचपत. पान कसं वळतं, कडेला कसं कुरतडलेलं असतं, देठ कुठं मोडतो, सगळं दिसत होतं. दिसत नव्हती ती पानगळ. यंदा त्यांना रस्त्यावर नुसती चिखलाच्या रंगाची झाडं दिसली होती, आधीही चिखल आणि नंतरही चिखल. एकदा बसथांब्यावर उभ्या असताना शेजारच्या बाईनं "काय सुंदर दिसतंय ना!" म्हटलं, तेव्हा काकूंना रडू कोसळलं होतं. झगा त्यांनी आठवणीतून काढला. खांद्यावर हिरवी पानं, छातीवर पिवळी, कमरेशी नारिंगी आणि खाली घेरावर विटकरी, गळून पडलेली. हिरवं पान कडेकडून पिकत येतं आणि शिरेजवळ हिरवा शेवटपर्यंत तग धरतो, हे त्यांनी एकेका पानात दाखवलं होतं. खाचा मोजून, पण दाखवलं होतं. घेरावर मात्र हिरव्याचा एक टाका नको, असं त्यांनीच मास्तरांना ठणकावून सांगितलं होतं. "खाली पडलेलं पान मेलेलं असतं, मास्तर. त्यात हिरवं काय राहणार?"

आता तेच विटकरी शोधायचं होतं.

काकू रिळं घेऊन खिडकीशी गेल्या. फिकं आणि गडद एवढं अजून कळत होतं, त्यामुळं पोपटी, हळदी, नारिंगी बाजूला काढता आली. सगळ्यांत गडद ती तपकिरीही वेगळी निघाली. कपाटातल्या कोनावरचा आकडा वाचून नवं रीळ गुंडाळावं, तर विटकरीचा कोन परवाच संपून फेकला गेला होता. होतं नव्हतं ते रिळावर. वगळत-निवडत शेवटी हातात दोन रिळं राहिली. एक विटकरी, एक शेवाळी. दोन्ही सारखीच गडद, सारखीच चकाकणारी. काकूंनी ती डोळ्यांपाशी नेली, लांब धरली, मान वाकडी करून पाहिली. दोन्ही चिखल.

साडेअकरा.

दोन मशीनवरच्या बायका मान खाली घालून कामात होत्या. त्यांच्यातल्या एकीला विचारायचं? उद्या सकाळपर्यंत अख्ख्या खोलीला कळलं असतं, आणि परवा काकूंची खुर्ची हलली असती. खुर्ची कशी हलते हे काकूंना पक्कं माहीत होतं, कारण एकदा ती त्यांनीच हलवली होती.

सात वर्षांपूर्वी बटणवाली बटणवाली नव्हती. काकूंच्या शेजारच्याच खुर्चीवर बसून तीही भरतकाम करायची आणि तिच्या हाताला काकूंच्या खालोखाल मान होता. मग तिचे टाके वाकडे यायला लागले. मास्तरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काकू, हिचं काम कसं वाटतं हल्ली?" आणि काकू सगळ्यांसमोरच म्हणाल्या, "वाकडं येतं. माझ्या शेजारी नको आता." खोटं काहीच नव्हतं त्यात. दुसऱ्या दिवशी तिला कोपऱ्यात बटणांवर बसवलं. तीन महिन्यांनी तिला चष्मा लागला, टाके पुन्हा सुतासारखे सरळ झाले, पण तोवर खुर्ची दुसरीला गेली होती. तेव्हा काकूंनी एक शब्द टाकला असता तर ती परत मिळाली असती. काकूंनी टाकला नाही. का नाही टाकला, हे त्यांनी स्वतःलाही कधी विचारलं नव्हतं. दोघी अजून चहाला बरोबर जात, एकमेकींच्या डब्यातलं खात, गुडघ्यांच्या तक्रारी करत. त्या विषयावर सात वर्षांत ब्र नाही.

काकूंनी दोन्ही रिळं टेबलावर ठेवली, मुठीत मणी घेतले आणि जमेल तेवढ्या सहज आवाजात म्हणाल्या, "अगं, ते विटकरी जरा उचलून दे गं. माझे हात गुंतलेत."

बटणवाली आली. तिनं रिळांकडे पाहिलं, मग काकूंच्या मुठीकडे, मग त्यांच्या तोंडाकडे. जरा जास्तच वेळ.

"हे घे," म्हणून तिनं डावीकडचं रीळ काकूंपुढे सरकवलं आणि निघून गेली.

काकूंनी सुईत धागा ओवला. सुई लोकरीत घातली. पहिला टाका पडला आणि हात थांबला.

ती अशी का बघत होती? आणि ओठांच्या कोपऱ्यात ते काय होतं, हसू? तिला कळलं असेल तर? कळलं असेल तर सात वर्षांनी असा डाव तिच्या हातात आपण होऊन आलेला. काही करायचं नाही, कुणाला काही बोलायचं नाही, फक्त चुकीचं रीळ पुढे सरकवायचं. दोन वाजता घेरावर नऊ हिरवी पानं उगवतील आणि रंगकाकूंचं जे व्हायचं ते आपोआप होईल. त्यांनी स्वतःला विचारलं, मी तिच्या जागी असते तर? आणि उत्तर इतक्या चटकन आलं की त्यांनाच लाज वाटली.

त्यांनी तो एक टाका उसवला, डावं रीळ डब्यात टाकलं आणि उजवं उचललं.

मग मात्र त्यांनी मान वर केली नाही. पान, शीर, देठ. शिरेवर तीन काचेचे मणी. मण्यांच्या पाकिटांवर आकडे असतात, तिथं धोका नव्हता. दुसरं पान, तिसरं. बोटं इतकी वर्षं जे करत आली तेच करत होती, आणि आकाराला तोड नव्हती. एकेक पान असं कुरळं, असं कोरडं, की उचलून चुरगाळावंसं वाटावं. पण प्रत्येक टाक्याला मनात तेच, की हे कुठलं आहे? सहाव्या पानाला वाटलं, डावंच बरोबर होतं. सातव्याला वाटलं, नाही, हेच. एक वाजता बाकीच्या जेवायला उठल्या. काकू उठल्या नाहीत. बटणवालीला मास्तरांनी झग्यावर घालायला मोठं कव्हर आणायला बाजारात पिटाळलं होतं, त्यामुळं तिच्या नजरेखालून तरी सुटका होती. दोनला पाच कमी असताना नववं पान संपलं आणि काकूंनी धागा दातानं तोडला.

जिन्यावर पावलं वाजली. पुढे नाटकवाल्या बाई, मागे हातात कव्हर घेऊन बटणवाली.

मास्तरांनी झगा स्वतः पुतळ्यावर चढवला, खांदे नीट केले आणि दोन पावलं मागे सरले. नाटकवाल्या बाईंनी हात गालावर ठेवले. "अहाहा! काय केलंय हो हे!" त्यांची बोटं खांद्यावरून छातीवर, छातीवरून कमरेवर उतरली. मग त्या घेराशी वाकल्या.

"हे... हे हिरवं आहे."

खोलीत मशीन थांबली.

"खाली सगळं विटकरी ठरलं होतं ना? जमिनीवर हिरवी पानं?"

मास्तर एकदा घेराकडे, एकदा काकूंकडे बघत राहिले आणि मग एकाएकी हसले. "अहो बाई, रंगकाकूंनी केलंय म्हणजे मुद्दाम केलंय! एकतीस वर्षांत त्यांचा रंग चुकलेला नाही. त्यामागे काहीतरी डोकं असणार. काय काकू?"

"मुद्दाम?" नाटकवाल्या बाई उभ्या राहिल्या. कपाळावरची आठी थोडी सैल झाली. "म्हणजे... पिकायच्या आधीच गळालेली पानं? थांबा हं. आमच्या नायिकेचं तसंच होतं शेवटी." त्या पुन्हा वाकून बघायला लागल्या. "विचार करण्यासारखं आहे. खरंच तसं मनात होतं का तुमच्या?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. एक अक्षर. मास्तरांनी दार उघडून धरलं होतं, बाई आत घ्यायला तयार होत्या, आणि उद्या हीच गोष्ट मास्तरांनी दहा गिऱ्हाइकांना रंगवून सांगितली असती. काकूंनी तोंड उघडलं, आणि त्यांची नजर बटणवालीवर गेली.

ती काकूंकडे बघतच नव्हती. ती झग्याकडे बघत होती. तेव्हा कुठं काकूंना आठवलं की तो झगा कुणी विणला होता. अख्खी वीण हिची होती. मातीच्या रंगाची ती जाड लोकर सहा आठवडे घरी नेऊन, बसमध्ये, दवाखान्याच्या रांगेत, सुयांवर सुया चालवत हिनं विणली होती. घेर मोठा पडला म्हणून एकदा निम्मा उसवून पुन्हा विणला होता. त्या विणीवर ही आपल्या हातानं चुकीचा रंग घालायला देईल?

"नाही," काकू म्हणाल्या. "मुद्दाम नाही. मला दिसलं नाही."

"दिसलं नाही म्हणजे?" मास्तरांचं हसू तोंडावर तसंच राहिलं होतं.

"हिरवं आणि विटकरी मला सारखंच दिसतं. वर्ष झालं. रिळं खाचा मोजून घेत होते. आज डबा पडला." "चूक माझी आहे. तिनं मला बरोबर रीळ दिलं होतं, ते मी बदललं."

मास्तर खुर्चीवर बसले आणि त्यांनी गळ्यातली टेप काढून उगीच गुंडाळायला घेतली. त्यांना राग आला होता की वाईट वाटलं होतं, हे त्यांचं त्यांनाच ठरवता येत नसावं. शेवटी ते नाटकवाल्या बाईंना म्हणाले, "पाचपर्यंत वेळ द्याल?"

"साडेपाच. त्यापुढे एक मिनिट नाही," त्या म्हणाल्या. दाराशी जाऊन वळल्या. "या झग्याची जोडही करायची आहे, पुढच्या प्रयोगांसाठी. त्याचे रंग कुणाशी बोलायचे?"

मास्तरांनी सवयीनं काकूंकडे पाहिलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांची नजर कुठं ठेवावी ते त्यांना कळेना.

"हिच्याशी," काकूंनी बटणवालीकडे मान वळवली. "आता या खोलीत रंग कळणारी ही एकटीच. बटणांवर मी बसवलं तिला. टाके तुम्हाला लागतील तितके मी घालीन."

बाई गेल्या. मास्तर "उद्या बघू" एवढंच पुटपुटले आणि आतल्या खोलीत गेले. त्या 'उद्या'त काय होतं ते काकूंना कळलं होतं. नुसतं रिकामं वाटत होतं, आणि फार थकल्यासारखं.

बटणवालीनं पुतळ्यावरून झगा उतरवला, काकूंच्या शेजारी खुर्ची ओढली आणि घेर दोघींच्या मांड्यांवर पसरला. "उसवायला घे. लोकर ओढू नकोस, खालून सोड."

दोघी उसवू लागल्या. एक पान गेलं, दुसरं गेलं. मणी वाटीत टपटप पडत होते.

"तुला माहीत होतं?" काकूंनी विचारलं.

"मागच्या महिन्यात तू लाल बटणं हिरव्यांच्या बरणीत टाकलीस. वर मला म्हणालीस, बघ, नीट लावून ठेवली."

"मग बोलली का नाहीस?"

बटणवालीनं धाग्याचं टोक पकडून अलगद ओढलं. "तू माझ्याबद्दल बोललीस तेव्हा मला कसं झालं होतं ते लक्षात होतं म्हणून."

काकूंच्या हातातली सुई थांबली. बाहेर रस्त्यावर कुणीतरी पानं झाडत होतं, त्याच्या झाडूचा खरखर आवाज वर येत होता.

"चष्मा लागल्यावर मी मास्तरांना सांगायला हवं होतं," काकू म्हणाल्या. "नाही सांगितलं. तुझा हात माझ्यापुढे जाईल म्हणून नाही सांगितलं. आजपर्यंत मला वाटायचं, राहून गेलं."

"आणि रीळ का बदललंस?"

"मला वाटलं, तू मुद्दाम चुकीचं दिलंस." मग जरा थांबून, सगळंच सांगायचं तर हेही, म्हणून, "मी तुझ्या जागी असते तर चुकीचंच दिलं असतं."

"ठाऊक आहे मला," बटणवाली म्हणाली. तिच्या आवाजात राग होता, चांगला मुरलेला राग होता, आणि तो तिनं लपवला नाही. "पण माझ्या विणीवर? शहाणी आहेस का तू?"

काकूंना हसू आलं आणि त्याबरोबर डोळेही भरले. पुसायला हात मोकळा नव्हता.  बटणवालीनं शेवटचं पान सोडवलं, बोटांनी लोकर सारखी केली, आणि घेर पुन्हा मातीसारखा कोरा झाला. सव्वातीन झाले होते.

काकूंनी सुई उजव्या हातात घेतली. डावा हात त्यांनी डब्याकडे नेला नाही, तो तसाच बाजूला पसरून धरला आणि नजर विणीवर ठेवली. तळव्यावर धागा आला. त्यांनी तो ओवला, गाठ मारली आणि पहिल्या पानाचा देठ घातला.

कुठला आहे, हे त्यांनी विचारलं नाही.